वूनचं यवतमाळ झालं आणि माझा पासवर्ड गेला : एका लॉगिन-एररचा इतिहास

या ब्लॉगवर मी सहसा माझ्या विषयाबद्दल लिहितो : यवतमाळ जिल्ह्यातला कापूस, त्याचे व्यापारी आणि एकेकाळी मूर्तिजापूरला जाणारी आपली नॅरोगेज शकुंतला. आज मात्र एका तांत्रिक अडचणीबद्दल लिहितोय. अडचण साधी होती. डेटाबेसमध्ये लॉगिन होईना. पण ती सोडवताना जे समजलं, ते मला संशोधन-पद्धतीच्या तासालाही समजलं नव्हतं. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडे वळणार आहात आणि आज ना उद्या तुमच्या नोंदी एक्सेलमध्ये मावेनाशा होतील. तेव्हा हे कामाला येईल.

काय घडलं?

२०२० साली लॅपटॉपवर पोस्टग्रेस या डेटाबेसची बारावी आवृत्ती टाकली आणि जुन्या अहवालांतले कापसाचे आकडे, तालुके, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने असं सगळं त्यात भरायला घेतलं. सुरुवातीची साधनं एकोणिसाव्या शतकातली होती आणि त्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव ‘वून’, म्हणजे वणी, असं येतं. म्हणून डेटाबेसमधल्या माझ्या खात्यालाही मी ‘वून’ हेच नाव दिलं.

२०२२ च्या पावसाळ्यात सहामाही प्रगती अहवाल जवळ आला. दारव्ह्याला घरी होतो. रात्री आवराआवर करताना वाटलं, १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, पुसद तालुका जोडला गेला आणि वून जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झाला. मग माझं खातं अजून ‘वून’ कशाला? मालक-खात्यानं आत जाऊन एका ओळीची आज्ञा दिली आणि ‘वून’चं ‘यवतमाळ’ केलं. खाली एक सूचना उमटली. ती न वाचता मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला खोलीवर येऊन लॉगिन केलं. उत्तर आलं : ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’. पुन्हा टाकला, तेच. वाटलं, नाव बदललंच नसेल. जुनं ‘वून’ नाव टाकलं. तेच उत्तर, अक्षरशः तेच, फक्त नावापुरता फरक. मालक-खात्याचा पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आणि डायरी राहिली दारव्ह्याला.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. इंटरनेटवर एक व्हिडिओ पाहिला आणि पोस्टग्रेसची नवी, चौदावी आवृत्ती शेजारीच टाकली. नवा पासवर्ड दिला. लॉगिन झालं! आत पाहतो तर काहीच नाही. एकही तक्ता नाही. दोन वर्षांचं टायपिंग गायब. पोटात गोळा आला. व्हिडिओतला माणूस पुढे सांगत होता : ‘अजूनही अडचण असेल तर जुनं डेटा-फोल्डर डिलीट करा आणि पहिल्यापासून सुरू करा.’ मी ते फोल्डर निवडलंही होतं.

नशीब, तेवढ्यात आमच्या एका सीनियर ताईला फोन लावला. तिनं एकच प्रश्न विचारला : “लॉग वाचलास का?”

ताईचा मुद्दा समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

पासवर्डचा पहिला चोर पीएचडीचाच विद्यार्थी

संगणकात पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था उभी केली. १९६१ च्या नोव्हेंबरात तिचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. एकच महागडा संगणक आणि त्यावर एकाच वेळी अनेक माणसं. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि वापराचा वेळही मोजून दिलेला. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड.

तिथं ॲलन शेर नावाचा संशोधक पीएचडी करत होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे. ते पुरेनात. १९६२ मध्ये त्यानं काय केलं, तर रात्रीच्या छपाईसाठी फायलींची नावं द्यायची जी सोय होती, तिच्यातून पासवर्डांची फाईलच छापून घेतली. मग दुसऱ्यांच्या नावानं लॉगिन करून काम पुरं केलं. ही गोष्ट पुढे अनेक वर्षांनी त्यानंच सांगितली. (मार्गदर्शकांना हा परिच्छेद दाखवू नका.)

१९६६ मध्ये तर कोणी काही चोरलंच नाही आणि तरीही सगळं उघडं पडलं. एकाच वेळी दोन प्रशासक दोन फायली दुरुस्त करत होते. एक होती रोज लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या सूचनेची आणि दुसरी पासवर्डांची. दोघांच्या कच्च्या प्रतींना संगणकानं एकच नाव दिलं आणि अदलाबदल झाली. त्या दिवशी जो कोणी लॉगिन करेल त्याच्यासमोर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड येऊ लागले. कोर्बातोंनी हा प्रसंग पुढे ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला.

दोन्ही घटनांत चूक एकच : पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवला होता.

दप्तरात माणूस नसतो, निशाणी असते

जुने मराठी वतनाचे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना ‘निशाणी’ माहीत आहे. पाटलाची निशाणी नांगर. कुलकर्ण्याची लेखणी. पुढे इंग्रजी अमलात आली ‘निशाणी डावा अंगठा’. दप्तरात पाटील नसतो, पाटलाची खूण असते. समोर आलेला माणूस खरा की नाही हे त्या खुणेशी ताडून ठरवायचं.

संगणकानंही शेवटी हीच वाट धरली. पासवर्डवर असं गणित करायचं की त्यातून एक खूण तयार होईल, पण खुणेवरून मागे पासवर्डपर्यंत जाता येणार नाही. ही कल्पना १९६० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी वापरली. तिला घराघरांत नेलं युनिक्सनं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा १९७९ चा लेख हा या विषयातला मूळ दस्तऐवज म्हणावा असा आहे, आणि तो वाचायलाही सोपा आहे. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा केले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात सापडणारे, सहज ओळखता येण्याजोगे.

याच लेखात ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, येतं. दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तर खूणही एकच येणार. म्हणून खूण करण्याआधी पासवर्डमध्ये प्रत्येकासाठी वेगळी चिमूट टाकायची. युनिक्समध्ये अशा चिमटीचे ४,०९६ प्रकार होते. ही चिमूट लक्षात ठेवा. माझा घात तिनंच केला.

आणि याच लेखात ताईच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. मॉरिस-थॉम्प्सन लिहितात की नाव चुकलं की पासवर्ड चुकला हे लॉगिन करणाऱ्याला कळता कामा नये. दोन्ही वेळी उत्तर एकसारखंच हवं. नाहीतर चोराला कोणती खाती खरी आहेत याची यादीच मिळेल. त्यांच्याकडे आधी एक फट राहिली होती. नाव खरं असेल तरच संगणक खुणेचं गणित करायचा, त्यामुळे उत्तराला साधारण अर्धा सेकंद उशीर व्हायचा. नाव खोटं असेल तर उत्तर लगेच. म्हणजे शब्द तेच, पण वेळ चुगली करायची. ती फटही त्यांनी बुजवली.

म्हणजे आपल्याला येतो तो मख्ख एरर आळसातून आलेला नाही. तो मुद्दाम मख्ख ठेवलाय. दारावरचा पहारेकरी कारण सांगत नाही. कारण तो आतल्या वहीत लिहितो. ती वही म्हणजे लॉग.

वहीत काय लिहिलं होतं?

पोस्टग्रेसच्या डेटा-फोल्डरमध्ये ‘लॉग’ नावाचं आणखी एक फोल्डर असतं. (हो, मी डिलीट करायला निघालो होतो त्याच फोल्डरमध्ये.) सकाळची फाईल उघडली. बाहेर दोन्ही वेळा एकच वाक्य आलं होतं. आत मात्र दोन वेगळी कारणं होती. जुन्या नावापुढे लिहिलं होतं : ‘वून’ नावाचं खातं अस्तित्वात नाही. नव्या नावापुढे : ‘यवतमाळ’ या खात्याला पासवर्डच दिलेला नाही.

पासवर्ड चुकलाच नव्हता. पासवर्ड नव्हताच!

असं का झालं? पोस्टग्रेसनं २००२ मध्ये, ७.२ या आवृत्तीत, एमडी५ पद्धतीनं खूण ठेवायला सुरुवात केली. तिथं मिठाची चिमूट म्हणून काय टाकलं, तर खात्याचं नाव. म्हणजे माझी खूण ‘पासवर्ड अधिक वून’ अशी बनलेली. नाव ‘यवतमाळ’ झाल्यावर ती खूण कधीच जुळणार नाही. म्हणून नाव बदललं की पोस्टग्रेस जुनी खूण पुसून टाकतं आणि तसं सांगतंही. मी न वाचलेली सूचना तीच होती : नाव बदलल्यामुळे एमडी५ पासवर्ड काढून टाकला आहे.

गंमत बघा. वूनचं यवतमाळ झालं की जुन्या आणि नव्या नोंदी आपोआप जुळत नाहीत, १९०५ आधीचा जिल्ह्याचा आकडा नंतरच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही, कारण हद्दच बदललेली असते. हे मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात चार पानं लिहिलंय. आणि स्वतःच्या खात्याचं नाव मात्र बेधडक बदललं.

उपाय दहा मिनिटांचा होता. घरी फोन केला. आईनं डायरीतून मालक-खात्याचा पासवर्ड वाचून दाखवला. “एस मोठा की लहान?” असं तीनदा विचारून झालं. आत गेलो, ‘यवतमाळ’ला नवा पासवर्ड दिला, सगळे तक्ते जागच्या जागी. मग फोनवर बोलला गेलेला तो मालकाचा पासवर्डही बदलला आणि या वेळी डायरीऐवजी पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवला.

आणि ती चौदावी आवृत्ती रिकामी का होती? पोस्टग्रेसचा ठरलेला दरवाजा, म्हणजे पोर्ट, ५४३२. तो बाराव्या आवृत्तीनं आधीच घेतलेला, म्हणून नवीला ५४३३ मिळाला. मी शेजारच्या नव्या, रिकाम्या घरात शिरून ‘माझं सामान चोरीला गेलं’ म्हणून ओरडत होतो.

तुमच्यावर वेळ आली तर

इतिहासात साधन-चिकित्सा करताना आपण विचारतो : कागद कोणाचा, कोणत्या दप्तरातला, कोणत्या काळातला, कोणत्या पद्धतीनं लिहिलेला? लॉगिन अडलं की हेच प्रश्न याच क्रमानं विचारा.

१. कोणतं दप्तर? एकाच संगणकावर दोन आवृत्त्या आहेत का? आपण ५४३२ वर आहोत की ५४३३ वर? पासवर्ड बरोबर आणि घर चुकीचं, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

२. नाव नेमकं तेच का? खात्याच्या नावात पहिलं अक्षर मोठं नोंदलं गेलं असेल तर लॉगिन करतानाही मोठंच लागतं.

३. बोटांनी काय टाइप केलं? आपल्याकडची खास अडचण म्हणजे कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळतच नाही. आकडेही देवनागरी पडलेले असू शकतात. आधी नोटपॅडमध्ये टाइप करून बघा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केला असेल तर शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून येते. आणि प्रोग्रॅमनं जुना पासवर्ड जतन करून ठेवला असेल तर तुम्ही काहीही ठरवा, तो जुनाच पाठवत राहतो.

४. दारावरचा नियम कोणता? पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-एचबीए’ नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. कोण, कुठून, कोणत्या डेटाबेसकडे आला तर त्याला कसं तपासायचं, हे त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. वरून खाली वाचताना जी ओळ पहिली लागू पडते तीच चालते. तिथं नापास झालात तर खालची ओळ बघितली जात नाही. लिनक्सवर अनेकदा पहिल्या ओळींत ‘पीअर’ पद्धत असते. म्हणजे पासवर्ड विचारायचाच नाही, संगणकावर कोणत्या नावानं बसलाय ते बघायचं. त्यात अडलात तर एररमध्ये ‘पीअर’ हा शब्द येतो. तिथं पासवर्ड बदलून काडीचा उपयोग नाही.

५. खूण कोणत्या काळातली? २०१७ मध्ये पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत स्क्रॅम ही जास्त भक्कम पद्धत आली आणि २०२१ मध्ये चौदाव्या आवृत्तीपासून ती ठरलेली पद्धत झाली. तिच्यात मिठाची चिमूट नावावर अवलंबून नसते, त्यामुळे नाव बदललं तरी पासवर्ड टिकतो. पण जुन्या लॅपटॉपवरून खाती जशीच्या तशी नव्यावर आणली तर खूण एमडी५ची आणि नियम स्क्रॅमचा, असा मेळ बसत नाही. अगदी बरोबर पासवर्डही नाकारला जातो. अशा वेळी नियमात थोडा वेळ ‘एमडी५’ लिहा, जुन्या पासवर्डनं आत जा, स्क्रॅम पद्धत लावून पासवर्ड पुन्हा द्या आणि नियम परत स्क्रॅमवर आणा.

६. मुदत संपली का? खात्याला शेवटची तारीख दिलेली असेल तर ती उलटल्यावर बाहेर तेच मख्ख वाक्य येतं. लॉगमध्ये मात्र मुदत संपल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं.

७. मालक-खात्याचाच पासवर्ड विसरला तर? हा शेवटचा उपाय. ‘पीजी-एचबीए’ची आधी प्रत काढा. त्याच संगणकावरून येणाऱ्यासाठी असलेल्या ओळीत थोडा वेळ ‘ट्रस्ट’ लिहा, म्हणजे पासवर्ड न विचारता आत सोडा. सर्व्हरला फाईल पुन्हा वाचायला सांगा, आत जाऊन नवा पासवर्ड द्या आणि लगेच जुनी प्रत परत ठेवा. ‘ट्रस्ट’ तसंच ठेवून झोपू नका. ते दार सताड उघडं टाकण्यासारखं आहे.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथं १०४५ क्रमांकाचा एरर येतो आणि शेवटी ‘यूजिंग पासवर्ड’ पुढे यस किंवा नो असतं. ‘यस’ म्हणजे पासवर्ड बरोबर होता असं नाही, तो पाठवला गेला एवढंच. ‘नो’ असेल तर पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही, तेव्हा तुमचा प्रोग्रॅम तपासा. शिवाय तिथं खातं म्हणजे नाव अधिक ठिकाण. त्याच संगणकावरून येणारा ‘रूट’ आणि बाहेरून येणारा ‘रूट’ ही दोन वेगळी खाती असू शकतात, वेगळ्या पासवर्डची. आणि खुणेची पद्धत तिथंही बदलत गेली. एकदा २००४ च्या सुमारास ४.१ मध्ये, पुन्हा २०१८ मध्ये ८.० मध्ये. दोन्ही वेळा बरोबर पासवर्ड असूनही जुन्या प्रोग्रॅमांना नव्या सर्व्हरनं आत घेतलं नाही. आणि २०२४ मध्ये ९.० मधून तर आधीची पद्धत काढूनच टाकली. जुन्या पुस्तकातली किंवा व्हिडिओतली कृती चालत नसेल तर ती कोणत्या आवृत्तीसाठी सांगितली आहे, हे आधी बघा.

शेवटी

त्या दिवशी माझ्याकडे बॅकअप होता का? होता, दोन महिन्यांपूर्वीचा. म्हणजे ते फोल्डर गेलं असतं तर दोन महिन्यांचं काम गेलं असतं. ते काम पुन्हा करता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण त्यातले काही कागद मी ग्रंथालयात बसून उतरवले होते आणि त्यांची पानं हात लावला की तुकडे पडतील अशी होती. ती पानं पुन्हा उलटायची वेळ माझ्या चुकीमुळे आली असती, तर मला ते फार लागलं असतं.

आता दर शनिवारी बॅकअप घेतो. एक प्रत पेन-ड्राइव्हवर, एक दारव्ह्याला. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का, तेही बघतो. संगणक काही सूचना देऊ लागला तर लॅपटॉप मिटण्याआधी ती वाचतो.

आणि हो, खात्याचं नाव आता ‘यवतमाळ’च आहे. पुन्हा बदललेलं नाही.

तुमचं लॉगिन अडलं तर काही डिलीट करण्याआधी लॉगमधली शेवटची पाच वाक्यं एका कागदावर उतरवून घ्या. लिहिता लिहिताच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.